एक डॉलर वर

आमच्या फ्रीमाँटात मराठी माणूस गेला की चार फोन होतात. पहिला फ्युनरल होमला, दुसरा जेवणाचे ट्रे पुरवणाऱ्या बाईंना, तिसरा झूमची लिंक काढून देणाऱ्या भाच्याला आणि चौथा मला. मी पाट्या करते. टाकत नाही, करते. हा खुलासा मला इथे आलेल्या प्रत्येक पुणेकराला द्यावा लागला आहे. दुकानांचे बोर्ड, काचेवरची अक्षरं, बॅनर, देणगीदारांच्या नावांच्या पट्ट्या आणि गेलेल्या माणसाचा मोठा फोटो, असा सगळा माझा धंदा. यंदा दुकान विकलं, गुडघ्यांनी शिडीला राजीनामा दिला, आणि दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी लगेच लेख मागितला. 'काहीतरी प्रेरणादायी लिहा' म्हणाल्या. मला प्रेरणादायी फारसं काही माहीत नाही. मला ढोकेकाका माहीत होते.

आधी फोटोचं सांगते, म्हणजे धंदा कळेल. घरच्यांकडे गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो कधीच नसतो. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, खांद्यावर कुणाचा तरी हात, मागे आईस्क्रीमचं टेबल. मी हात काढते, टेबल काढते, मागे निळसर रंग भरते. एका काकूंनी मला मिस्टरांचे केस काळे करायला सांगितले होते. "वर गेल्यावर त्यांच्या आईने ओळखायला नको?" म्हणाल्या. मी केले काळे. सासूबाईंनी ओळखलं की नाही, ते काही कळायला मार्ग नाही.

ढोकेकाका गेले तेव्हा त्यांच्या मुलीचा, रूपालीचा, फोन आला. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हर्नडनला राहते, आयटीत आहे. तिने फोटो पाठवले ते बघून मी कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोत काकांच्या हातात कसला ना कसला कप नाहीतर ट्रॉफी, आणि प्रत्येक फोटोत शेजारी अभ्यंकरकाका. फोटो काढताना दोघं एकमेकांना इतके खेटून उभे, की पाहणाऱ्याला वाटावं जिवाभावाचे मित्र. खरं कारण असं, की मागे राहायला दोघांपैकी कुणीच तयार नसायचा.

मी अभ्यंकरकाकांना कापलं. खांद्याचा एक तुकडा राहिला होता, तोही पुसला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अभ्यंकरकाका हॉलमध्ये शिरले, फुलांमागच्या फोटोसमोर उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मंगलताई, हा पिकनिकचा फोटो ना? यात मी होतो."

"होतात काका. बॅनरवर दोघं बसत नव्हते."

"दोघं कुठेच बसत नव्हतो म्हणा," ते म्हणाले आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

त्रिशरण, पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. चार वक्त्यांपैकी तिघं म्हणाले, ढोकेसाहेब अजातशत्रू होते. अजातशत्रू म्हणजे ज्याचा शत्रू जन्मालाच आला नाही. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. शत्रू जन्माला आला होता, क्युपर्टिनोत राहत होता आणि त्या क्षणी रुमालाने नाक पुसत होता.

काकांची आणि माझी ओळख पाटीवरूनच झाली. माझे वडील इचलकरंजीला पेंटर होते. दुकानांचे बोर्ड, ट्रकचे फाळके, निवडणुकीच्या भिंती. सर्व पक्षांच्या भिंती ते सारख्याच निष्ठेने रंगवत. मी त्यांच्याजवळ बसून अक्षरं गिरवायला शिकले आणि मग लग्न होऊन इंजिनियर नवऱ्याच्या मागोमाग इथे आले. व्हिसा असा, की नवऱ्याने काम करायचं आणि बायकोने खिडकीतून बाहेर बघायचं. काही वर्षं बघितलं. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात मी घराजवळच्या एका व्हिएतनामी गृहस्थांच्या बोर्डाच्या दुकानात काम मागायला गेले. त्यांना माझं इंग्रजी कळेना, मला त्यांचं. मी समोरचा कागद ओढून ब्रशने त्यांच्या दुकानाचं नाव काढून दाखवलं. पुढे त्यांनी ते दुकान मलाच विकलं.

ढोकेकाका तिथे आले ते त्यांच्या कारखान्याचा बोर्ड करायला. मूळचे नागपूरचे, इथे नोकरीवर आले, नोकरी सोडली आणि सर्किट बोर्ड जोडायचा कारखाना काढला. मी मराठी आहे हे कळताच खुर्ची ओढून बसले.

"मंगल नाव ना तुझं? मला सांग, बाजूच्या बिल्डिंगवर जो बोर्ड आहे तो केवढा आहे?"

मी सांगितलं, सिटीचा नियम आहे, भिंतीच्या मापात बोर्ड. दोघांच्या भिंती सारख्या, बोर्ड सारखाच होणार.

"सारखा कसा काय? मग मी एवढं कायले करून राहिलो?" त्यांनी डोकं खाजवलं. "लाइट जास्त लावता येतात का?"

लाइट जास्त लावले. बाजूच्या बिल्डिंगमध्ये दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या पेशंटना खुर्चीत आडवं पडल्यावर डोळे मिटून घ्यावे लागायचे, त्यामुळे डॉक्टरांची तक्रार नव्हती.

हा माणूस कशातही हरायला तयार नसायचा. कॅरममध्ये लहान मुलांनासुद्धा जिंकू द्यायचे नाहीत. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्यांच्याकडून हरून रडत माझ्याकडे आला, "मॉम, अंकल चीट्स!" मी काकांना म्हटलं, अहो, लहान आहे तो. काका म्हणाले, "हारला तर हारला. रडून घेऊ दे, मग पुन्हा येऊ दे." दुसऱ्या दिवशी आमच्या दारात नवा कोरा कॅरम बोर्ड, पावडरच्या डब्यासकट. वर चिठ्ठी: प्रॅक्टिस कर. मुलाने वर्षभर प्रॅक्टिस केली आणि पुन्हा हरला. आता तो तिशीचा आहे आणि अजूनही म्हणतो, अंकल चीटेड.

अभ्यंकरकाकांशी त्यांचं जुंपलं ते मंडळाच्या पिकनिकला, लिंबू-चमच्यात. अभ्यंकरकाका पुण्याचे, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत फार मोठ्या हुद्द्यावर, बोलणं मोजून मापून. दोघंही तेव्हा पन्नाशीच्या पुढे. तोंडात चमचा, चमच्यात लिंबू, आणि दोन प्रतिष्ठित गृहस्थ पार्कच्या गवतावरून कासवाच्या वेगाने एकमेकांवर डोळे वटारत चाललेले. शेवटच्या रेषेवर दोघं एकदम पोचले आणि दोघांनीही एकदम आरोप केला, की समोरच्याने लिंबाला अंगठा लावला.

"अंगठा लावला बे तू! मी पाहिलं!"

"हे पहा ढोके, तुम्ही माझ्याकडे पाहत होतात याचा अर्थ तुमचं लक्ष तुमच्या लिंबाकडे नव्हतं. मग ते पडलं कसं नाही? विचार करा."

त्या लिंबाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या दुकानाला बरकत आली. गणपतीत अभ्यंकरकाकांनी मंडळाला बॅनर दिला, की एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला ढोकेकाकांचा बॅनर त्याहून हातभर लांब. पुढच्या गणपतीत अभ्यंकरकाका यायचे, "मंगलताई, त्यांचा केवढा होता?" असं अगदी सहज, घड्याळाकडे बघत विचारायचे. मी खरं सांगायचे. धंदा आहे. काही वर्षांनी बॅनर हॉलच्या भिंतीपेक्षा लांब झाला आणि कोपऱ्यात वळवून लावायची वेळ आली, तेव्हा कुठे थांबले.

मग त्यांची चुरस देण्यावर आली. इथे एका विद्यार्थ्याचे वडील गावी वारले. अभ्यंकरकाकांनी त्याचं तिकीट काढलं. ढोकेकाकांना कळलं तसे त्यांनी त्याचं परतीचं तिकीट काढलं, आणि वर त्याला म्हणाले, "जाणं कोणीही करून देते. येणं मी केलं, लक्षात ठेव." माणूस वडिलांच्या दुःखात, आणि हे त्याच्याकडून मतं मागतात! मी तोंडावर बोलले त्यांना. त्यांनी मान्य केलं, की जरा चुकलंच. मग विचारलं, "पण अभ्यंकरने बिझनेस क्लासचं तर नाही ना काढलं?"

देणगीदारांच्या पट्ट्यांचं काम मी पुष्कळ केलं आहे. दान गुप्त असावं म्हणतात. माझ्याकडे आलेला एकही गुप्त दानी मला आठवत नाही. अर्थात गुप्त असता तर आला कशाला असता. सगळ्यांना आपलं नाव डोळ्यांच्या उंचीवर हवं असतं. भिंतीला डोळ्यांच्या उंचीची एकच ओळ असते, आणि माणसं पन्नास.

अशात काकांनी घर काढायचं ठरवलं. देशातून शिकायला येणाऱ्या मुलांना इथे उतरल्यावर पहिले काही दिवस राहायला जागा नसते. ओळखीचं कोणी नाही, खोली भाड्याने घ्यायला घरमालक मागतात तो उधारी-परतफेडीचा इथला कसलाच इतिहास नाही. अशा मुलांना पंधरा दिवस फुकट राहता येईल असं घर. क्युपर्टिनोच्या लायब्ररीतल्या खोलीत मीटिंग होती. मी बॅनर लावायला गेले होते, म्हणून ऐकलं.

काका उभे राहिले. मस्करी नाही, आवाज नाही. म्हणाले, "मी आलो तेव्हा एका मराठी कुटुंबाकडे खोली होती. फोनवर सगळं ठरलं. बॅगा घेऊन दारात गेलो. त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते आत गेले, बाहेर आले, म्हणाले, सॉरी, खोली कालच दिली. बाकी काही नाही बोलले. चहाही दिला. त्या रात्री मी बस स्टॉपवर होतो. या घरात दारावर कोणाला आडनाव विचारायचं नाही, एवढी एकच अट आहे."

आम्ही सगळेच आडनावं विचारत मोठे झालेलो. मी स्वतः नव्या माणसाला 'तुम्ही कुठले?' विचारते तेव्हा मला नेमकं काय हवं असतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि लाज वाटली.

अभ्यंकरकाका उठले. "निम्मा खर्च माझा. दर वर्षी," म्हणाले आणि बसले.

झालं! ढोकेकाकांच्या चेहऱ्यावरचं सगळं दुःख उडालं. "मग माझा त्याच्यापेक्षा एक डॉलर जास्त! दर वर्षी!"

मीटिंग संपल्यावर मी बॅनर गुंडाळत होते. अभ्यंकरकाका दुसरं टोक धरायला आले. "माझ्या आडनावाला कधी कोणी खोली नाकारली नाही मंगलताई," म्हणाले. "त्यामुळे हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं या माणसाशी भांडतोय मी." मग टोक माझ्या हातात देऊन निघून गेले.

घर झालं. फ्रीमाँटमध्येच, साधंसं, मागे लिंबाचं झाड. झाड बघून ढोकेकाका म्हणाले, "अभ्यंकर, अंगठा सांभाळ." आता दाराशेजारच्या भिंतीवर नावं लावायची होती, आणि माझ्या दुकानात महायुद्ध पेटलं. नावं लावायची सगळ्यांत निर्धोक पद्धत म्हणजे अक्षरानुक्रमे. मराठीत लावा की इंग्रजीत, अभ्यंकर पहिले आणि ढोके खाली. ढोकेकाकांना दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी हसत हसत दुकानात आले.

"मंगल, घरात आडनाव विचारायचं नाही ना? मग भिंतीवर आडनावं कशी काय? फक्त पहिली नावं लाव."

मी मनातल्या मनात लावून बघितली. ते प्रभाकर, अभ्यंकरकाका सुहास. मराठीत लावा की इंग्रजीत, प्रभाकर वर.

हे त्यांनी तत्त्वासाठी केलं की जिंकण्यासाठी, असं मला रूपालीनेही नंतर विचारलं. मी त्यांना सरळच विचारलं होतं. ते म्हणाले, "दोन्ही. एकाच दगडात दोन होत असतील तर दुसरा दगड कायले उचलू?" मला ते उत्तर खरं वाटतं.

अभ्यंकरकाकांनी पहिल्या नावांना लगेच होकार दिला. पण मग त्यांनी अट घातली, की मुख्य दोन देणगीदारांच्या पितळी पाट्या वेगळ्या, शेजारी शेजारी आणि तंतोतंत एका रेषेत असाव्यात. पाट्या लावायच्या दिवशी ते घरून स्वतःची लेव्हल घेऊन आले. लेव्हल म्हणजे ती गवंड्याकडे असते ना, मधे पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी. माझ्याकडे होती, पण त्यांचा माझ्या बुडबुड्यावर विश्वास नव्हता. मी शिडीवर. एका बाजूने ढोकेकाका, "मंगल, माझी जरा वर घे." दुसऱ्या बाजूने अभ्यंकरकाका, "नाही, नाही, बुडबुडा मध्यावर हवा." वर, खाली, वर, खाली. शेवटी मी म्हटलं, तुम्हा दोघांनाच खिळ्यांना टांगते. तेव्हा गप्प झाले. पाट्या एका रेषेत लागल्या.

घर चाललं. काका दुपारी तिथेच असत. एकदा मी काचेवर अक्षरं चिकटवत होते तेव्हा वाशिमकडची एक मुलगी टॅक्सीतून उतरली, दोन मोठ्या बॅगा घेऊन, घाबरलेली. दारात उभी राहून तिने पाठ केल्यासारखं सांगायला सुरुवात केली, "मी श्रुतिका..." आणि पुढचं आडनाव ओठांवर आलं तसे काकांनी हात वर केला. "बास. श्रुतिका पुरे. कॅरम येते का?" ती म्हणाली, थोडंसं. काकांनी जेट लॅगमधल्या त्या पोरीला जेवायच्या आधी हरवलं.

आजारातसुद्धा सुधारले नाहीत. अभ्यंकरकाकांना हृदयात दोन स्टेंट पडले होते. यांना तीन पडले तेव्हा यांनी मला फोन करून सांगितलं. "अभ्यंकरला कळव. तीन." शेवटच्या दिवसांत मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तर अभ्यंकरकाका उशाशी बसलेले. ढोकेकाका हाडांचा सापळा झाले होते, पण डोळे तसेच.

"अभ्यंकर, तुझ्या आधी चाललो बे. पहिला नंबर."

"ही चीटिंग आहे, प्रभाकर," अभ्यंकरकाका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्यांना नावाने हाक मारली असावी. "तू शिट्टी व्हायच्या आधी पळतोयस."

ढोकेकाका हसले, आणि हसता हसता खोकला लागला म्हणून नर्सने आम्हाला बाहेर काढलं. तीच शेवटची भेट.

आता मृत्युपत्राचं. मुलीचं तिचं तिला वेगळं दिलं होतं. बाकी सगळं काकांनी घरासाठी ट्रस्टमध्ये ठेवलं आणि ट्रस्टने दर वर्षी किती द्यायचं ते लिहून ठेवलं: सुहास अभ्यंकर देतील त्यापेक्षा एक डॉलर जास्त. वकिलाने विनवलं, की असं लिहू नका, ठरावीक रक्कम लिहा. काकांनी ऐकलं नाही. मेल्यावर बरोबरी झाली तर? ती रिस्क ते घेणार नव्हते.

आणि अभ्यंकरकाकांनी देणं बंद केलं.

घर चालवणाऱ्या समितीने विचारलं, मंडळाने विचारलं, रूपालीने हर्नडनहून फोन केला. सगळ्यांना एकच उत्तर, 'माझी इच्छा नाही.' आता ट्रस्ट काय देणार, हिशोब करा. शून्यापेक्षा एक डॉलर जास्त. एवढा पैसा पडून आहे आणि घराला वर्षाला एक डॉलर. रूपाली मला फोनवर म्हणाली, "काकू, लॉयर म्हणतो कोर्टात जाऊन चेंज करता येईल, पण इट विल टेक इयर्स. तोपर्यंत घर विकावं लागेल. बाबांनी असं का केलं यार?" ती रडत होती. नव्या मुलांच्या बॅगा ऑगस्टमध्ये येतात. समितीने त्याआधीच घर बंद करायचं ठरवत आणलं होतं, आणि मला, खरं सांगायचं तर, दोन्ही म्हाताऱ्यांचा राग आला होता. एक मरून हट्ट करत होता, दुसरा जिवंत राहून.

तशात रूपालीने नवी पाटी सांगितली. बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात, तसं लिहून काकांची पाटी बदलायची होती. पितळेवर अक्षरं कोरून घेतली: कालकथित प्रभाकर. दुकान विकण्याआधीचं माझं शेवटचं काम. मी मुलांच्या त्या घरी गेले, जुनी पाटी काढून खाली उतरले, तर माझ्या मागे अभ्यंकरकाका उभे. हातात स्वतःची लेव्हल.

"रूपालीने कळवलं," म्हणाले. "म्हटलं, बुडबुडा बघायला कोणीतरी हवं."

मी पुन्हा शिडीवर चढले आणि चढल्यावर गप्प बसवेना. "काका, घर बंद होणार आहे. तुम्हाला माहीत आहे."

"आहे."

"मग?"

ते दाराजवळच्या बाकावर बसले. "मंगलताई, मी दहा दिले तर तो अकरा देणार. मी शंभर दिले तर एकशे एक. पूर्वी तो एक डॉलर टाकायचा, मग मी दोन टाकायचो, मग तो यायचा शिव्या देत. आता मी काहीही केलं तरी तोच पुढे. मेलेल्या माणसाशी कसलं खेळायचं? उलट बोलायला तो आहे का? मला खेळायचंच नाही." आणि मग म्हणाले, "मला त्याच्याशिवाय करमत नाही हो."

हे इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला शिडीवरून खाली येऊन त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं. पण माझ्या एका हातात पाटी होती, दुसऱ्यात ड्रिल, आणि तोंड मोकळं होतं. माझं तोंड मोकळं असलं की ते चालतं.

"काका, पण तुम्ही न खेळताही हरताय."

"म्हणजे?"

"तुम्ही शून्य दिलेत. ट्रस्ट एक डॉलर देणार. या वर्षीही ते एक डॉलरने जिंकले."

एवढा हुशार माणूस, जन्मभर आकड्यांत काढलेला, पण हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मग वाटलं हसतायत. दोन्ही होतं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"हलकट," ते म्हणाले. पुण्याचे अभ्यंकर, मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. "हलकट माणूस. सगळ्या बाजूंनी बांधून गेला."

"हो."

"म्हणजे हरायचं तर आहेच."

"आहेच."

ते उठले. अंगात काहीतरी शिरल्यासारखे ताठ झाले. "मग स्वस्तात का हरू? दुप्पट देतो. तिप्पट देतो. माझी दोन्ही घरं विकीन, पण दर वर्षी त्याच्या ट्रस्टला खड्ड्यात घालीन. कंगाल करतो त्याला. वर एक खोली बांधा म्हणावं. दोन बांधा. बघू किती एक-एक डॉलर टाकतो ते!"

मी ड्रिल छातीशी धरून शिडीवर हसत होते आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या घराचं काय होणार ही काळजी त्या क्षणी संपली. या ऑगस्टमध्ये घर भरलं, आता वर बांधकाम चालू आहे आणि रूपालीचा वकील ट्रस्टचे आकडे बघून हाय खातो.

पाटी राहिलीच होती. मी ती जुन्या जागी धरली, त्यांची लेव्हल दोन्ही पाट्यांवर आडवी ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्यावर.

"बघा काका. एका रेषेत."

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "त्याची जरा वर घ्या."

"किती वर?"

त्यांनी पाकीट काढलं. आतून एक डॉलरची नोट काढून बोटांनी सरळ केली, टाचा उंचावल्या आणि आपल्या पाटीच्या वरच्या कडेला ती आडवी टेकवून धरली.

"एवढी," म्हणाले.

मी नोटेच्या वरच्या कडेशी पेन्सिलीने खूण केली. काकांनी नोट घडी करून पुन्हा पाकिटात ठेवली. "ही मात्र त्याला देणार नाही," म्हणाले. "ही माझी."